आधी महिना, मग दिवस

लेकीसाठी रक्ताची दुसरी पिशवी न्यायला आई रक्तपेढीच्या रांगेत उभी होती. मागे दोन संगणकवाले कुजबुजत होते.

"पडद्यावरची तारीख काल तूच बदललीस?"

"फक्त दिसायची पद्धत बदलली. आधी महिना, मग दिवस."

"खिडकीतल्या ताईंना सांगितलंस?"

"राहिलं रे. का?"

"काल, सहा मेला मुदत संपलेली पिशवी आता पाच-सहा अशी दिसते. त्या पाच जून वाचणार."

"अरे देवा!"

"तसली पिशवी सकाळपासून कुणाला दिली का, बघ आधी."

"एक गेलीय. चौथा मजला, सात नंबरची खाट."

आई गर्रकन मागे वळली.

"अहो, ती माझी पोर आहे! अर्धी चढली असेल तिला," म्हणत ती रांग सोडून जिन्याकडे धावत सुटली.