तेविसाव्या दिवसाचं शून्य

दोन मिनिटं! ऐकलंत ना? तुमच्यादेखत म्हणाली, 'अहो, तुम्ही बूट घाला, मी आलेच, दोन मिनिटं!' बूट घातले, नाड्या बांधल्या, कुलूप हातात घेऊन जिन्यात उभा राहिलो, त्याला आता आठ मिनिटं झाली, आणि पाचची बस काय माझ्या मेहुण्याची आहे, भाऊजींसाठी थांबायला? बरं, जायचंय कुठे, तर आमच्या लाल शाईवाल्या सरांच्या निरोपसमारंभाला. वीस वर्षं झाली, या माणसाचं तोंड पाहिलेलं नाही मी. नुसतं अक्षर पाहिलंय. लाल!

तुम्हाला सांगतो, एकेचाळिसाव्या वर्षी मला शिकायची हुक्की आली... हुक्की कसली, आमच्या खोक्यांच्या कारखान्यातले साहेब म्हणाले, 'पुठ्ठे कापत किती दिवस काढणार? पोस्टाने ते संख्याशास्त्राचं सर्टिफिकेट कर, तुला तपासणीच्या टेबलावर बसवतो.' बसवतो! पंधरा वर्षं उभ्याने काम केलेल्या माणसाला हा शब्द किती गोड लागतो, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. घातलं नाव. महिन्याभरात पुस्तिकांचं जाडजूड पाकीट आलं, आणि पहिलंच वाक्य काय? 'विद्यार्थी मित्रहो, हा विषय अतिशय सोपा आहे.' तिथेच पुस्तिका मिटली. जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या थप्पीवर पुस्तिका उघडून बसायचो... मध्य, मध्यक, बहुलक, तिघं सख्खे भाऊ आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ! शंका विचारायची कोणाला? फोरमनला विचारलं, 'प्रमाण विचलन म्हणजे काय हो?' तर म्हणतो, 'विचलित तर तू दिसतोच आहेस, प्रमाण तेवढं काढ.' घ्या!

आणि मग आला चौथा स्वाध्याय. रोजच्या आयुष्यातली कोणतीही एक गोष्ट घ्या, तीस दिवस तिची नोंद करा, आकडेमोड करून पाठवा. हा पास झाला तरच परीक्षेला बसायचं, नाहीतर बसा पुठ्ठे कापत. आता माझ्या आयुष्यात मोजण्यासारखं आहे काय, म्हणून डोकं धरून बसलो होतो, आणि तेवढ्यात आतून आवाज... 'अहो, दोन मिनिटं!' सापडलं! सकाळी आम्ही बरोबरच निघायचो, ती शिवणाच्या दुकानात, मी कारखान्यात. ती 'दोन मिनिटं' म्हणाली की घड्याळ बघायचं, तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की पुन्हा बघायचं, आणि गुपचूप वहीत लिहायचं. सतरा, एकोणीस, एकवीस, एकोणीस... नवव्या दिवशी वही सापडली तिला. म्हटलं, संपलं आता. तर ही बोट ठेवून म्हणते, 'अहो, मंगळवारच्या एकोणिसातली चार मिनिटं तुमचा चष्मा शोधण्यात गेली, ती माझ्या नावावर का?' वजा केली. काय करता!

तेविसाव्या दिवशी तिला सुट्टी होती, मी एकटाच गेलो, आणि दहाच्या सुमाराला मशीनचं पातं उजव्या अंगठ्यात घुसलं. कारखान्यातला एकजण घरी धावला, 'वहिनी, घाबरू नका.' असं म्हटल्यावर कोण घाबरणार नाही हो? मला दवाखान्यात जरा भान आलं तर ही समोर उभी, केस अर्धे ओले, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्या पायात माझी! संध्याकाळी घरी आलो, तर तिनेच वही काढली, डोळे पुसले आणि तिच्या अक्षरात लिहिलं, दिवस तेवीस, शून्य मिनिटं.

पुढे माझा हात गळ्यात. पट्टी बदलायला रोज दोघं जायचो, तेव्हा नोंद तिच्याकडे. चोविसावा दिवस, दोन. पंचविसावा, दोन. सातही दिवस दोन! म्हटलं, 'अगं, हे काय?' तर म्हणे, 'मी दोन म्हटलं, दोनच लागली. कमी लिहू का?'

तसंच पाठवलं, आणि ते लालेलाल होऊन परत आलं. 'दिवस २४ ते ३०, आकडे विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, नोंद पुन्हा करा. दिवस २३, शून्य अशक्य. चूक असावी, वगळा.' तोवर डॉक्टरांनीही सांगून ठेवलं होतं की हा अंगठा परत मशीनवर चालायचा नाही. म्हणजे टेबल मिळालं तर नोकरी, नाहीतर घर. फोरमन म्हणाला, 'अरे, खोड की! शून्यच तर आहे!' सात दिवस पुन्हा मोजले, निमूटपणे. अठरा, वीस, अठरा... पण शून्य खोडवेना हो मला. डाव्या हाताने, मुंगीच्या गतीने लिहिलं, 'सर, ही चूक नाही. त्या दिवशी माझा हात मशीनमध्ये गेला होता. नापास करायचं तर करा, शून्य राहू द्या.' पाकीट पेटीत टाकलं आणि बारा दिवस पोस्टमनच्या वाटेकडे बघत दारात बसलो. तेराव्या दिवशी उत्तर आलं, लाल शाईत. 'शून्य ठेवा. चूक माझी होती. ताईंना नमस्कार सांगा.'

मिळालं टेबल! गेल्या वर्षीपर्यंत त्याच टेबलावर होतो. ती वही अजून कपाटात आहे, आणि मी कधीकधी उघडतो, तेवढंच एक पान बघतो... सोळा मिनिटं झाली बरं का.

हाक मारू म्हणता? नाही हो मारणार. संख्याशास्त्रातलं बाकी सगळं विसरलो, एवढंच राहिलंय, की ही झटकन बाहेर आली तर समजायचं, काहीतरी वाईट घडलंय. ऐका, आत कपाटाची दारं आपटतायत, पिन सापडत नाहीये, आणि ती मीच कुठेतरी ठेवली असं भिंतीला सांगणं चाललंय... म्हणजे सगळं ठीक आहे. सरांना उशिराचं कारणसुद्धा सांगावं लागणार नाही, तीस दिवसांचा पुरावा त्यांनी स्वतः तपासलाय. 'हो गं, हो, घे तुझी दोन मिनिटं!'

बस काय, आत्ताच गेली.