टकल्याचा गुडघा

ओमेश्वर : टकल्याले टीममध्ये काऊन ठेवलं रविता? शुक्रवारी फोनवर सांगितलं होतं न, त्याचा गुडघा गेला आहे. त्याले बाहेर बसव अन् लाल केसवाल्याले आत घे.

रविता : राहून गेलं जी.

ओमेश्वर : राहून कसं गेलं? काल टकल्याच्या बाजूनं तीन गोल घुसले. लाल केसवाल्याच्या टीमवर एकही नाही, अन् तो आपल्याकडं बाहेर बसून. मागचे गडी गोल रोकतेत तवाच आपल्याले पॉइंट भेटतेत. किती वेळा समजवू?

रविता : समजते मले. मागं चार गडी, तगडे पाहून.

ओमेश्वर : मग? पोळ्यापासून हेच करून राहिली. एक हप्ता टीम बरोबर टाकते, की पुढच्या हप्त्यात कोनी लंगडा ठेवून देते.

रविता : तुम्हीच टाका मग.

ओमेश्वर : कायनं टाकू? इथं दोहात साइटवर कॅमेऱ्याचा मोबाईल चालत नाही. माह्यापाशी बटनाचा डब्बा. रूममधल्यांच्या मोबाईलवर टाकली त ते पाहून नक्कल करतेत. सगळे हसून राहिले आज माह्यावर.

रविता : जेवले का?

ओमेश्वर : जेवलो.

रविता : काय होतं?

ओमेश्वर : भात. आता ते काऊन?

रविता : शुक्रवारी इचारनार होते. तुम्ही टीमच सांगत राहिले, अन् फोन ठेवून देला. इकडं धान कापनं सुरू झालं. मंडईची जत्रा आली जवळ.

ओमेश्वर : छुट्टीचं पक्कं नाही अजून. साहेब म्हणते, पाहू.

रविता : मागच्या सालीही पाहूच म्हणे. थांबा, दूध उतू जाऊन राहिलं. आईपाशी देते.

(फोन रविताच्या सासूच्या, सुशिलाबाईच्या हातात येतो.)

सुशिलाबाई : बाबू, कोन रे हा टकल्या? घरात त्याचंच नाव चालू राहते.

ओमेश्वर : इंग्लंडातला खेळाडू आहे माय. खरी मॅच ते खेळतेत. आपण घरी बसून कोनाले ठेवाचं ते निवडतो. तो चांगला खेळला त पॉइंट आपल्याले.

सुशिलाबाई : पण त्याचा त गुडघा सुजला आहे म्हणे.

ओमेश्वर : तुले कोनं सांगितलं?

सुशिलाबाई : रवितानं. शुक्रवारी तुहा फोन झाल्यावर मोबाईलवर बोट फिरवत बसली होती. म्हणे, आई, हा काही धावत नाही आता. मी म्हणलं, मग काढ त्या बिचाऱ्याले. त म्हणे, राहू द्या.

ओमेश्वर : राहू द्या म्हणे?

सुशिलाबाई : हो. म्हणे, सगळं बरोबर टाकलं त ते पुढच्या शुक्रवारपर्यंत फोन नाही करत. चुकलं की रविवारीही करतेत. मले काय समजते बापा तुमच्या खेळातलं. पण रविवारी रविता कुठं हालत नाही. आज शेजारच्या कवडूच्या घरी बारसं होतं, तिथंही नाही गेली. मोबाईल कमरेले खोचून अंगण सारवलं. ऐकून राहिला का?

ओमेश्वर : ऐकून राहिलो माय.

सुशिलाबाई : मागच्या मंडईले दंडारीचा ढोल वाजून राहिला होता, सारं गाव नाच पाहाले मांडवात. अन् रविता सडकेवर. देवरीहून येनारी शेवटची बस गेली, तवा घरी आली. मी काही बोलले नाही. घे, आली ते.

रविता : काय म्हणत होत्या आई?

ओमेश्वर : काही नाही. टकल्या कोन म्हणून इचारत होती.

रविता : अजून काही?

ओमेश्वर : कवडूकडचं बारसं सांगितलं.

रविता : हं. या खेपेले नाही चुकनार जी. रागावू नका.

ओमेश्वर : मलेही करमत नाही इथं, रविता.

रविता : या मग मंडईले.

ओमेश्वर : उद्या पुन्हा इचारतो साहेबाले. खोटं नाही सांगत, पक्कं काही नाही.

रविता : बरं. मग लाल केसवाला आत, टकल्या बाहेर. बरोबर न?

ओमेश्वर : नाही. टकल्याले आतच राहू दे.

रविता : त्याचा गुडघा कुठं बरा झाला?

ओमेश्वर : नाही झाला. तरी राहू दे. रविवारी फोन करून रागावतो.