एकेचाळिसावा क्यू

सन्माननीय अध्यक्षा संचिताताई, व्यासपीठावरचे आजचे प्रमुख पाहुणे, ज्येष्ठ दिग्दर्शक आणि आपल्या सगळ्यांचेच मधुकाका, ‘अंगणरंग’ मंडळाचे कार्यकर्ते, सत्कारमूर्ती आणि माझे गुरू श्री. प्रफुल्ल गांगुर्डे सर, त्यांच्या शेजारी शालीचं टोक चाळवत बसलेल्या मीराताई, प्रकाशवर्गाच्या सव्वीस वर्षांतल्या माझ्या सख्ख्या-चुलत भावंडांनो, आणि आपला रविवार मोडून ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून आलेल्या रसिकहो,

मी देवयानी फणसे. सरांची जुनी विद्यार्थिनी. आज सिनेमा आणि जाहिरातींची प्रकाशयोजना करते, त्यावरच माझं घर चालतं. मला इथे चार मिनिटं दिलेली आहेत आणि विषय दिलाय ‘सरांची शिकवण्याची पद्धत’. त्याप्रमाणे मी छान लिहूनही आणलंय. त्यातलं थोडं वाचते. बाकीचं वाचणार नाही, आणि चार मिनिटांत आटपणारही नाही. संचिताताई, घंटा वाजवायची तर वाजवा, पण मी थांबेन असं समजू नका.

तर पद्धत. मी पहिल्यांदा वर्गाला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. काकांचा कल्याणला फोटो स्टुडिओ, त्यामुळे कॅमेरा हातात आणि मला सगळं येतं असा डोक्यात वारा. मला वाटलं आता सर मोठमोठे दिवे दाखवणार. सरांनी काढलं काय, तर वायरला लटकवलेला शंभरचा एक पिवळा बल्ब आणि शाळेतली एक खुर्ची. खुर्चीत एकाने बसायचं. दुसऱ्याने बल्ब घेऊन त्याच्याभोवती हळूहळू फिरायचं. समोरून, कडेने, डोक्यावरून, हनुवटीखालून, मग पाठीमागून. बाकीच्यांनी वहीत लिहायचं: माणूस कुठे म्हातारा झाला, कुठे खोटारडा दिसला, कुठे त्याची कीव आली. तीन रविवार एवढंच. चौथ्या रविवारी मी कंटाळून विचारलं, “सर, खरे दिवे कधी?” सर म्हणाले, “याच्यात खोटं काय आहे?”

हसा, हसा. तुम्ही सगळेच त्या खुर्चीत बसलेले आहात.

आणि दुसरा नियम, जो सरांच्या आधी मी कुठेच ऐकला नव्हता, नंतरही कुठल्या सेटवर पाहिला नाही. नाटकात जिथे जिथे ब्लॅकआउट असेल आणि त्या काळोखात नटाला चालायचं असेल, तिथे दिवे विझवणाऱ्याने आधी स्वतः त्या वाटेने काळोखात चालून यायचं. नटाच्या चपला घालून. सरांचं म्हणणं असं, की कुणाला अंधारात सोडताय तर तिथे काय लागतं ते आधी आपल्या पायाला लागू दे.

इथपर्यंत कागदावर होतं. हा कागद आता मी घडी घालून ठेवते.

मघाशी मधुकाका बोलले. सुंदर बोलले. सरांबद्दल इतकं प्रेमाने बोलणारा दुसरा माणूस या सभागृहात नसेल. आणि बोलता बोलता ते असंही म्हणाले, “आमच्या प्रफुल्लने उभ्या आयुष्यात एकच क्यू चुकवला, पण तो असा निवडून चुकवला, की आमचं नाटकच झोपलं. हा बूथमध्ये आधीच झोपला होता.” सगळे हसलात. सरही हसले. मीराताई नाही हसल्या. मी बघत होते.

हा विनोद मी अठरा वर्षं ऐकतेय. आज मला तो सहन होत नाही. सर, मला हाताने बस म्हणू नका. तुमचं आजवर सगळं ऐकलं, आज नाही ऐकणार.

नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. अठरा वर्षांपूर्वी ‘अंगणरंग’चं नाटक जिल्हा स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेलं होतं. ठाण्यात प्रयोग होता, संध्याकाळी पाचला. दिग्दर्शक मधुकाका, प्रकाश सरांचा, आणि मुख्य भूमिकेत हेमाताई, ज्या आज दुसऱ्या रांगेत बसलेल्या आहेत. नाटकाचा शेवट असा होता: मागे सात फुटांची लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा. त्यावर हेमाताई उभ्या. सगळा रंगमंच विझत जातो आणि फक्त त्यांच्या चेहऱ्यावर एक दिवा उरतो. त्या शेवटचं वाक्य बोलतात, ढोलाचा एक ठोका पडतो आणि तोही दिवा जातो. म्हणजे ती बाई मेली. पूर्ण काळोख, आठ आकडे मोजेपर्यंत. तेवढ्यात त्यांनी पाच पायऱ्या उतरून अगदी पुढे, प्रेक्षकांसमोर यायचं, आणि दिवा लागला की वर मेलेली बाई इथे उभी. सगळं नाटक त्या आठ आकड्यांवर होतं. क्यू, म्हणजे दिवे बदलायचा इशारा, नंबर एकेचाळीस.

हेमाताईंच्या चष्म्याचा नंबर तेव्हाही साडेसात होता. भूमिकेसाठी चष्मा काढावा लागे. त्यामुळे त्या पाचही पायऱ्यांच्या कडेला सरांनी रेडियमच्या पट्ट्या लावलेल्या होत्या, अंधारात हिरव्या चमकतात त्या. इतरांना एक पट्टी पुरते, हेमाताईंना दोन-दोन. सकाळच्या तालमीत नियमाप्रमाणे मी त्या वाटेने चालले. हेमाताईंच्या चपला घालून. सगळं चोख होतं.

दुपारी फोटो काढायचे होते. फोटो मीच काढत होते. मला पायऱ्यांच्या तळाशी झोपून, खालून वर एक फ्रेम घ्यायची होती. आणि त्या फ्रेममध्ये दहा पट्ट्या अशा दिसत होत्या, की देखण्या साडीवर कुणी चिकटपट्ट्या लावल्यात. मी त्या काढल्या. सगळ्या. नीट ओळीने माझ्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवल्या, फोटो झाला की परत लावू म्हणून. फोटो फार सुरेख आला. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, वडे आलेत.

हो. वडे खायला गेले मी.

पाच वाजले. पडदा वर गेला. प्रेक्षकांच्या मागे, वरच्या बूथमध्ये सर दिव्यांच्या बोर्डावर, बाजूला मी संहिता घेऊन, क्यू सांगायला. माझं काम एवढंच: “तयार” म्हणायचं आणि “जा” म्हणायचं. चाळीस क्यू मोत्यांसारखे गेले. चाळिसाव्याला रंगमंच विझला, वर हेमाताईंचा चेहरा तेवढा राहिला. पायऱ्या काळोखात गेल्या. आता त्या काळोखात हिरव्या रेघा दिसायला हव्या होत्या. मी बघितलंच नाही, मी संहितेत बघत होते. सर बघत होते.

“एकेचाळीस, तयार.”

सरांनी मान हलवली नाही. मला वाटलं ऐकू आलं नाही.

हेमाताईंचं वाक्य संपलं. “जा,” मी म्हणाले. सरांचा हात बोर्डावर तसाच. “सर, जा.” हात तसाच. इंटरकॉमवर विंगेतून मधुकाकांचा आवाज, “प्रफुल्ल, काळोख. अरे काळोख दे. झोपलास काय?” सर पुढे वाकून, डोळे बारीक करून रंगमंचाकडे बघत होते. आणि ढोलाचा ठोका पडला.

हेमाताई जुन्या नटी. ठोका पडला म्हणजे चालायचं. तोंडावर दिवा, डोळे दिपलेले, चष्मा नाही. त्यांनी उजवा पाय पुढे टाकला. पायरी वीतभर डावीकडे होती. तो पाय मी पाहिला. हवेत होता. खाली सात फूट आणि मग लाकडी खोक्यांच्या कडा.

त्या क्षणी सरांनी बाजूच्या एका दिव्याचा उजेड वर घेतला. भसकन नाही, भसकन घेतला असता तर त्या दचकल्या असत्या. हळू घेतला. खालून, पायऱ्यांवर. हेमाताईंनी पाय मागे घेतला, कडा चाचपली आणि पायरी धरली. आणि मग भरलेल्या नाट्यगृहाने बघितलं, की आत्ताच मेलेली बाई पदर सावरत, चाचपडत जिना उतरतेय. पहिल्यांदा मागून एक जण हसला. मग सगळे हसले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. परीक्षकांनी शेरा लिहिला, ‘प्रकाशयोजनेतील अक्षम्य ढिलाई’. नाटक गेलं, हेमाताईंचं हक्काचं बक्षीस गेलं. पडदा पडल्यावर विंगेत मधुकाकांनी सगळ्यांदेखत सरांना विचारलं, “झोपला होतास का रे?” सर म्हणाले, “चुकलं.” एवढाच शब्द. हेमाताईंनाही वाटलं, की दिवा डोळ्यांवर राहिला म्हणून पट्ट्या दिसल्या नाहीत. आणि सर हे बोलत होते तेव्हा मी कुठे होते? मी पायऱ्यांपाशी वाकून वहीवरच्या पट्ट्या परत लावत होते. प्रयोग संपल्यावर. कोणाला कळू नये म्हणून.

मधुकाका, बसा. प्लीज बसा. मला पूर्ण सांगू द्या, नाहीतर परत अठरा वर्षं जातील.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणजवळ मोहन्याला सरांच्या घरी गेलेले. मीराताईंनी दार उघडलं, चहा टाकला. मी रस्ताभर घोकलेलं वाक्य बोलले, “सर, पट्ट्या मी काढलेल्या.”

“माहितीय,” सर म्हणाले. “वहीच्या मागे बघितल्या मी. बूथमध्येच.”

“मग मधुकाकांना सांगितलं का नाही?”

“सांगून? तुला पुन्हा बूथची पायरी चढू दिली असती का कोणी? आधीच म्हणत होते, पोरगी कशाला वर. माझं काय, वीस वर्षं झाली. मला कोणी ना कोणी बोलावेल.”

मीराताई मागे उभ्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, “आणि नाही बोलावलं तर?” सरांनी चहा बशीत ओतला.

सर, दिव्यांच्या बाबतीत तुम्ही कधी चुकला नाहीत. माणसांच्या बाबतीत त्या दिवशी चुकलात. कोणी बोलावलं नाही. ‘झोपणारा लाइटवाला’ म्हणून ठाण्यापासून कल्याणपर्यंत नाव झालं. स्पर्धेचं एक नाटक नाही, व्यावसायिक नाटकांचे दौरे नाहीत. हातात राहिला तो हा रविवारचा वर्ग आणि लग्नाच्या हॉलची कामं. आपण सगळे या वर्गात शिकलो, मोठे झालो, आणि म्हणतो की सरांनी स्वतःला शिकवण्यात झोकून दिलं. त्यांना झोकलं होतं. मी झोकलं होतं. आणि त्यांच्याच जिवावर पुढच्या वर्षी मला पहिलं स्वतंत्र नाटक मिळालं.

लोक विचारतील, इतकी वर्षं का गप्प बसलीस? मी काही दूधखुळी नव्हते. पहिल्या वर्षी भीती होती. मग नाव व्हायला लागलं, मग नावाची भीती. दर गुरुपौर्णिमेला मी पेढे घेऊन मोहन्याला जायचे आणि यंदा सगळ्यांना सांगते असं मनात म्हणून परत यायचे. पेढे तेवढे पोचायचे. हेमाताई, तुम्ही त्या संध्याकाळपासून सरांशी बोललेल्या नाहीत. आज आलात तेही तुमची नात उर्वी सरांच्या शेवटच्या तुकडीत आहे म्हणून. ज्या माणसाशी तुम्ही अठरा वर्षं अबोला धरलात, त्याने त्या दिवशी क्यू चुकवला नाही. त्याने तुमचं नाटक सोडलं आणि तुम्हाला धरलं. आठ आकड्यांत त्याला एकच वाचवता येत होतं.

तुम्ही डोळे पुसताय. मला तुमचा राग चालेल, हेमाताई. तो माझाच आहे, उशिरा का होईना पत्त्यावर येऊ दे.

मधुकाका, तुमच्यावर माझा रोष नाही. तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही बोललात, आणि दिसू नये याची व्यवस्था मी केली होती. एकच विनंती. तो विनोद तुम्ही फार छान सांगता. यापुढे सांगाल तेव्हा माझं नाव घालून सांगा.

आता समारोप. मंडळाने एवढा देखणा सोहळा केला, सर खडवलीला राहायला जाण्याआधी आपल्याला एकत्र आणलं, त्याबद्दल सर्व कार्यकर्त्यांचे मनापासून आभार. अध्यक्षीण बाईंनी घंटा हातात असून वाजवली नाही, त्यांचे विशेष आभार. आनंदाच्या कार्यक्रमात मी हे बोलायला नको होतं, असं काहींना वाटत असेल. वेळेचं भान सुटलं, मोठ्यांच्या पुढे आवाज चढला, कुणाचं मन दुखावलं, तर या सभागृहाने उदार मनाने पदरात घ्यावं.

सभागृहाकडे मागायची क्षमा एवढीच. उरलेली तुमच्याकडे मागायला नको, कारण ती तुमची नाही. त्या दिवशी मोहन्याला मी ‘पट्ट्या मी काढल्या’ एवढंच म्हणाले. तुम्ही ‘माहितीय’ म्हणालात, सर, आणि मला इतकं सुटल्यासारखं झालं, की मी चहा पिऊन निघून आले. तुमच्याकडे आणि मीराताईंकडे क्षमा मागायची राहूनच गेली. आजवर एकदाही मागितलेली नाही. ती माईकवर मागणार नाही. तुम्ही उठू नका सर. दोघंही बसून राहा, मी तिकडे येते.