राणीची चाल

नाही नाही, बाई, खुर्ची नको, मी उभाच बरा — सवय आहे. सिनेमात आम्हाला बसायला कोण देतं? दाराशी उभं राहायचं, हीरोनं मारलं की पडायचं. ओळखलंत वाटतं मला? हो, तोच. बँक लुटणारा. त्याआधी पोरं पळवणारा. तुमच्या आईंनी घरी बसून शिव्या घातल्या असतील मला — घातल्या ना? बरं वाटलं. म्हणजे काम नीट झालं.

तर आलो होतो नातीचं बोलायला. तुमच्या वर्गातली चिमणी — कुरळ्या केसांची, पुढचा दात पडलेली — ती माझी. तिला नाटकात राणी व्हायचंय आणि तुम्ही तिला चोर केलंत. काल जेवली नाही हो पोर. मी रागावून नाही बोलत, मला रागावता येतं ते फक्त कॅमेऱ्यासमोर. पण बाई, आम्ही नदीपलीकडची माणसं — आमचा हा रंग, हे नाक पडद्यावर दिसलं की लोक आपापले खिसे चाचपतात. माझं आयुष्य त्यात गेलं, जाऊ दे. पण एवढ्याशा पोरीनंही तेच करायचं? राणी गोरीच होती असं गोष्टीत लिहिलंय का? बघा की, पुस्तक तुमच्या हातातच आहे... नाही ना? नुसती चित्रात गोरी आहे. चित्र काढणाऱ्याकडचा रंग संपला असेल.

काय म्हणता? रंगाचं तुमच्या मनातही नव्हतं? मग? — तिनं करून दाखवलं? तुम्ही म्हणालात, राणी करून दाखव, आणि आमच्या चिमणीनं मान खांद्यात घातली, एक डोळा बारीक केला — आणि अशी हसली? हॅ... हॅ हॅ? मधेच थांबून? अहो, ते माझं हसू आहे! घरी आरशासमोर घोटतो ना मी, ती शेजारी बसून दूध पीत असते. — आणि मुकुट? फ्रॉकखाली लपवला? राणीनं? स्वतःचाच? अरे देवा.

चुकलं माझंच. तिला वाटतं नाटक करायचं म्हणजे हेच. दुसरं काही पाहिलंय कुठं तिनं आमच्या घरात? पण बाई, एक विचारू — ती दुसरी, गोरी पोरगी अशी हसली असती, तर तुम्ही म्हणाला असतात, बाळा, असं नाही गं, पुन्हा कर. आमच्या पोरीला तसं नाही म्हणालात. तिचं तुम्हाला लगेच पटलं... पुस्तक का मिटलंत? बोलून गेलो मी. वाईट वाटून घेऊ नका.

काय? पुन्हा बघाल? आजच, शेवटच्या तासाला? बरं, बरं — शिकवतो मी तिला. आता राणी काही मी कधी केली नाही, पण मोठ्या माणसांची चाल मला ठाऊक आहे. पाहिलीय — मेल्यावर. हसू नका, खरंच. मेलं की गाल फरशीला लावून पडायचं, डोळे अर्धे उघडे. मग समोर काय दिसणार? हीरोचे बूट. सगळ्यांचे बूट पाहिलेत मी. ते घाई करत नाहीत. आधी टाच टेकते, मग सावकाश पाऊल — जमीन बापाची असल्यासारखी. आम्ही आपले चवड्यांवर, मांजरासारखे. थांबा, दाखवतो, ते मुकुट ठेवलेलं टेबल जरा सरकवा. टाच... पाऊल... आता मान वर... मान — वर जात नाही हो. इतकी वर्षं खांद्यातच राहिली ना, तिला वाटतं तेच तिचं घर. थांबा, पुन्हा करतो. टाच...

दाराशी कोण आहे ते? चिमणे! कधीपासून उभी आहेस गं? — अगं, मला हसतेस काय, ये की आत. हळू... पळू नकोस, तुला कुणी पकडत नाहीये... हां, टाच... मान...

बाई, बघा. बघा तिची मान.

श्श. काही बोलू नका आता. येऊ द्या तिला मुकुटापर्यंत.