दोन पडदे, एक खुर्ची

—बिघाड नाही, हे मला माहीत आहे हो. बसा. बसा ना जरा, स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकायची एवढी घाई करू नका. डावा स्पीकर चरचरतोय असं फोनवर म्हणालो ते खोटं होतं— राग मानू नका— पण खरं काम सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसतात, हसला असतात आणि फोन ठेवून दिला असतात. ह्या जातीचे स्पीकर उघडणारा माणूस आता शोधून सापडत नाही, तुमचा पत्ता मिळवायला मला तीन आठवडे लागले. नाही, त्या खुर्चीवर नका— म्हणजे बसायला हरकत नाही, पण ती सरकत नाही, गुडघा आपटाल. फरशीत बोल्ट मारलेत तिला. चार. ते तिकडचं स्टूल आहे ना, त्याच्यावर बसा, आहे तिथेच. पाच वाजता आमची ही येणार आहे, मुलीबरोबर, आणि त्याच्या आत मला तुमच्याकडून एका प्रश्नाचं उत्तर हवंय. आत्ता सव्वाचार झालेत.

ही जोडी माझ्याकडे अठरा वर्षं आहे. घेतली तेव्हाच जुनी होती— एका वकिलाच्या माळ्यावर पडलेली, धूळ खाऊन खाऊन दोन्हींची वाचा गेलेली. लोक येतात, बघतात आणि विचारतात, हे काय, कपडे बदलायचा आडोसा का? तर मी सांगतो, बाबांनो, ह्याला खोकं नाही, भोंगा नाही, पुढे जाळी, मागे जाळी आणि मधे ताणलेला पडदा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ— त्याच्यावर हजारो व्होल्ट— आणि तो अख्खा हलतो, की गाणारी बाई समोर उभी. ओठ मिटलेले ऐकू येतात. तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा. पडदे मी दोनदा नवीन ताणून घेतले, विजेचे डबे बदलले, लाकडी पाय काढून पोलादी स्टँड केले. मी ड्राफ्ट्समन होतो, पूल आणि पाण्याच्या टाक्या कागदावर काढण्यात जन्म गेला, तेव्हा स्टँडचं ड्रॉइंगही मीच केलं, पाव मिलिमीटरचा फरक नाही. दर सुधारणेनंतर आवाज आणखी नेमका व्हायचा. आणि दर वेळी मी हिला विचारायचो, कसं वाटतंय? ती म्हणायची, छान. एकदा तर म्हणाली, आधीपेक्षा मोकळं वाटतंय. ते मी वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट.

आता जागेचं बघा. भिंतीला चिकटवून ठेवले तर मेलेच ते, कारण जेवढा आवाज पुढून निघतो तेवढाच मागून— म्हणून भिंतीपासून पाच फूट पुढे. पाच फूट म्हणजे ह्या खोलीत मधोमधच की. मग सोफा गेला. जेवायचं टेबल आतल्या खोलीत गेलं, पलंगाला लावून, आणि आम्ही पलंगावर बसून जेवायला लागलो, दोघंही एकाच बाजूला— वाईट नाही, सवय होते. दमट हवा ह्यांना चालत नाही, वीज गळते, म्हणून ह्या फरशीला ओलं फडकं नाही, नुसता झाडू, आणि धूळ उडेल म्हणून तोही अगदी हलक्या हातानं. इथे कपडे वाळत घालायचे नाहीत. कुकरची वाफ नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. पंख्याची घरघर येते म्हणून पंखा बंद, रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडक्या बंद. मे महिन्यात ती आत ओट्याशी दार लोटून, आणि मी इथे— हे असं ओळीनं सांगायला लागलं की जरा जास्तच वाटतं, नाही? एकेक करून आलं हो ते. एकदम कुणी कुणाच्या घरात असं करत नाही.

आणि ही खुर्ची. ह्या पडद्यांचा आवाज पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, म्हणजे जागा एकच, डोकं एकच. वीतभर इकडे सरका, की ती गाणारी बाई उठून एका पडद्यात जाऊन बसते. दोन्हीकडून सुतळी धरून मी जागा ठरवली, खडूनं खुणा केल्या. ही झाडताना खुर्ची उचलायची आणि परत ठेवायची आपल्या अंदाजानं, आणि दोन बोटं चुकायचीच. मी आवाज चढवला नाही, आयुष्यात कधी चढवलेला नाही, विचारा तिला— गुपचूप ड्रिल मशीन आणलं आणि बोल्ट मारले. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, आता ह्याच्या खालचं मी कसं काढू? मी म्हटलं, नाही काढलं तरी चालेल.

मग चार महिन्यांपूर्वी ती मुलीकडे गेली, आठ दिवसांसाठी म्हणून. बॅगही एवढीशीच होती. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. मी फोन केला की मुलगीच उचलणार, आई झोपलीय, आई बाहेर गेलीय. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, आई म्हणते त्या घरात बसायला जागा नाही." आणि मी— काय सांगू तुम्हाला— माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, एवढंच ना? दुसऱ्याच दिवशी जाऊन ही दुसरी खुर्ची घेऊन आलो, हिच्या उंचीची, हात असलेली, मऊ उशीची, आणि माझ्या खुर्चीला लागून ठेवली. रेकॉर्ड चालू होती. म्हटलं, बसून तर बघू, पाठीला टोचत नाही ना. बसलो आणि गाणं गेलं. सगळं ह्या उजव्या पडद्यात गोळा झालं, दबलेलं, शेजाऱ्यांकडे काहीतरी चालू असावं तसं. म्हटलं, मी हातभर सरकलो तर ही गत, मग ती बसायची तिथे काय पोचत असेल? ती कुठे बसायची? तुम्ही आत्ता बसलाय तिथे. तेच स्टूल, उजव्या पडद्याच्या बगलेत, स्वयंपाकघराच्या दाराशी. मी उठून तिथे गेलो, बसलो.

काही नव्हतं हो. भिंतीवरून आपटून आलेलं जरासं पुटपुटणं, बस. कारण तुम्हाला माहीत आहे— पुढचा आवाज आणि मागचा आवाज कडेला भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात, पडद्याच्या रेषेत शिल्लक काहीच राहत नाही. अठरा वर्षं ती तिथे बसली, हातात काहीतरी निवडायला घेऊन, आणि मी वळून विचारलं की म्हणाली, छान. त्या स्टुलावर मी रेकॉर्ड संपेपर्यंत बसलो, सुई आत फिरत राहिली तरी उठवेना. रडलो. आता लाज कसली.

माहीत नव्हतं म्हणावं तर— अहो, तो कागद असू द्या, तो गुंडाळलेलाच बरा, जुनं काहीतरी आहे— बरं. उघडलात. उघडलाच आहे तर बघा. ह्याच खोलीचा नकाशा, मीच काढलेला. पडद्याच्या पुढे एक गोल, मागे एक गोल, ते म्हणजे आवाज जातो तो भाग. आणि कडेला ह्या तिरप्या रेघा मारल्यात तिथे काय लिहिलंय वाचा. 'येथे आवाज पोचत नाही.' आणि त्या रेघांच्या आत एक छोटा चौकोन. त्याच्यात? 'सौ.' माझं अक्षर, ऑफिसातलं, सुबक. माणसाचं अंग आवाज शोषतं, गादीसारखं. कुणालाही कुठेही बसवा, माझं ऐकणं थोडं तरी बिघडतंच. फक्त तिथे नाही, कारण तिथे बिघडायला काही नाहीच. म्हणून ती जागा. हिशेब करून दिलेली जागा आहे ती. आणि हे मी विसरलो— खरंच विसरलो, तुमचा विश्वास बसणार नाही— आणि वर अठरा वर्षं तिला विचारत राहिलो, कसं वाटतंय.

आज ती राहायला येत नाहीये. उरलेले कपडे न्यायला येतेय. बाबा, कपाटाची किल्ली काढून ठेवा, असं मुलीनं बजावलंय, आणि ती किल्ली मी दडवलीय. ह्या वयात. सापडत नाही म्हणून सांगायचं, तेवढाच एखादा तास ती थांबेल. म्हणून विचारतो— तुम्ही चाळीस वर्षं ह्या पडद्यांत काढलीत— ह्यांचा झोत रुंद करता येईल का? पडदा वाकवून, तीन तुकड्यांत ताणून, कडेला आणखी एक जोडी उभी करून, काहीही. दोन खुर्च्या, दोघांना सारखं. आज करू नका, आज नुसतं हो म्हणा, म्हणजे मी तिला सांगीन की काम हातात घेतलंय, जाणता माणूस येऊन बघून गेला, तू फक्त आठ दिवस थांब. अशी मान हलवू नका हो. चार महिन्यांत मी एक रेकॉर्ड धड ऐकलेली नाही, एक बाजू संपली की दुसरी लावायला हात उठत नाही. मला ती घरात हवी आहे. हे तिला कधी म्हटलं नाही, तुम्हाला म्हणतोय, ओळख ना पाळख.

काय म्हणालात? रुंद करायची गरज नाही? बोल्टही काढायचे नाहीत— खुर्ची आहे तिथेच ठेवायची आणि तिला त्याच्यावर बसवायचं? हं. मधल्या खुर्चीवर, तिला. सोपं आहे की. खरंच सोपं आहे, एका पैचा बदल नको. उंचीला ती कमी पडेल थोडी, पण खाली उशी घालता येईल, कान बरोबर पडद्याच्या मधोमध आला म्हणजे झालं. पंखा लावू आज, तिला उकडतं. आणि तिच्या आवडीची एखादी— तिच्या आवडीची कुठली, ते मला— असो, तिलाच विचारीन. ती आली की आधी चहा, मग म्हणायचं, जरा इथे येऊन बस, पाचच मिनिटं, मग हवं तर जा. बसेल ती. तेवढं ऐकेल माझं. मी रेकॉर्ड लावीन, आणि मग— पण मग मी कुठे बसायचं?

नाही, तसं नाही. तसं म्हणायचं नव्हतं मला. म्हणजे नुसतं विचारलं, की तेव्हा मी—

उठा तुम्ही. पिशवी घ्या. नाही, काही सांगू नका आता, निघा, खाली गाडी लागल्यासारखी वाटतेय. मला किल्ली काढून ठेवायचीय.