मावशीला आवतण

सुहेबा : तिकीट? माझ्या बहिनीच्या दारात जायला मी तिकीट काढू?

फाबियानुस : काकू, तुमची बहीण असो की राक्षसी घोरपड, ओरा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तिकीट आहे. मी नाही ठरवलं ते. मी इथला रखवालदार, फक्त काठी धरतो.

सुहेबा : बघायला कोन आलंय? मी आवतन द्यायला आलेय. पोरीचं लगीन हाय.

नुरलिना : आई, हळू बोल ना, रांगेतले सगळे बघताहेत. दादा, तिकिटं काढलीत मी. ही घ्या, दोघींची.

सुहेबा : काढलीस? मला न इचारता?

नुरलिना : विचारलं असतं तर काढू दिली असतीस?

फाबियानुस : देवाची कृपा. आता नियम ऐका. गटाबरोबर चालायचं, माझ्या पुढे जायचं नाही, पळायचं नाही. आणि ओराकडे पाठ फिरवायची नाही.

सुहेबा : थोरल्या मानसाकडं पाठ फिरवतं का कुनी? हे तू मला शिकवतोस? गाव कुठलं रे तुझं?

फाबियानुस : रुतेंग. वरच्या डोंगरातला आहे मी.

सुहेबा : म्हंजे कॉफी पिकवनारा, कॉफीवाला! आन मला ओरा शिकवतो. अरं, मी ह्याच बेटावरची हाय. ती पल्याडची खाडी दिसते का, तिथं जलमले. लगीन होऊन दर्यापल्याड बाजोला गेले, म्हनून काय परकी झाले?

फाबियानुस : नाही हो. पिशवीत काय आहे? मांस-मच्छी नाही ना?

सुहेबा : विड्याची पानं हायेत, सुपारी हाय, चुना हाय. हुंगून बघ. माझा आजा हरीण मारायचा तवा डोकं आन बरगड्या तिच्या वाट्याला ठेवायचा. आता शिकार बंद, वाटा बंद. बहिनीला जेवू घालायची बी चोरी झालीय.

फाबियानुस : आणखी एक विचारावं लागतं. रागावू नका. ताई, तुमचे ते... चार दिवस तर नाहीत ना? रक्ताचा वास त्याला फार लांबून येतो.

नुरलिना : नाहीत.

सुहेबा : माझी आई जलमभर ह्याच रानात चिंचा येचत हिंडली. तिला कुनी तारीख इचारली न्हाई!

फाबियानुस : तिच्या डोक्यावर साहेब नव्हता, काकू. माझ्या आहे. चला, माझ्या मागोमाग या. कुणाशी ठरलंय लग्न?

नुरलिना : तस्लीमशी. हाजी मुनताहांचा धाकटा.

फाबियानुस : बोटीवाले मुनताहा? ज्यांच्या पर्यटकांच्या बोटीवर जबडा वासलेला ओरा रंगवलाय, ते?

नुरलिना : तेच.

फाबियानुस : मोठं घर मिळालं की! मग काकू एवढ्या तापल्यात कशाने?

सुहेबा : सांग त्याला. तुझा होनारा सासरा काय म्हनाला ते सांग.

नुरलिना : आई, ह्यांना कशाला मध्ये ओढतेस?

सुहेबा : मग मी सांगते. म्हनाला, लगीन थाटात करू, पन आमचं नाव त्या जनावराम्होरं घ्यायचं न्हाई. घेतलं तर सोयरीक मोडली समजा. लोक हसतात म्हने! बोटीवर तिचं चित्र काढताना हसत न्हाईत का लोक? त्या चित्रावर तीन मजली घर बांधलंस, आन नातं सांगायची लाज वाटते?

फाबियानुस : काकू, डावीकडून. तिथे बीळ आहे.

सुहेबा : ठाव हाय मला. तू जलमायच्या आदीपासून हाय ते बीळ.

नुरलिना : आई, आपलं घरी काय ठरलं होतं? तू येशील, लांबून बघशील आणि मनातल्या मनात सांगशील.

सुहेबा : मनातच सांगायचं तर बोटीत ओकत कशाला आले असते? माजघरात बसून सांगितलं असतं की. पार पूर्वी एका आईच्या पोटी दोघं जलमली, एक मानूस आन एक ओरा. मग लगीन निघालं की घरच्या बहिनीला तोंडानं सांगावं लागतं. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव. माझ्या बापानं माझ्या लग्नात त्या चिंचेखाली उभं राहून सांगितलं. सगळ्या गावानं ऐकलं.

नुरलिना : आणि सासरी तुला काय मिळालं? घोरपडीची बहीण! आजी मरेपर्यंत तुला हेच म्हणायची. मी ऐकलंय लहानपणी.

सुहेबा : म्हनायची. आन मी म्हनायची, व्हय, हाय मी तिची बहीन, सांभाळून राहा. रोज पान्याचा हांडा उचलायच्या आदी एकदा सुनवायची, ठेवल्यावर एकदा.

नुरलिना : मला नाही जमणार तसं भांडत राहायला. मला तस्लीम हवाय, आई. एवढंच हवंय मला. त्याच्या बापाशी लढाई नकोय.

फाबियानुस : शू. थांबा. हात खाली घ्या. चिंचेखाली बघा, मुळांच्या उजवीकडे.

नुरलिना : कुठे? ते तर लाकूड... अगं बाई!

सुहेबा : म्हातारी झाली गं. मान बघ कशी सुटलीय. सलाम, आक्का. लई दिवसांनी आले.

फाबियानुस : काकू, इथेच थांबा, एक पाऊलही पुढे नको. आणि ताई, एक सांगून ठेवतो. पलीकडच्या गटात तो निळ्या टोपीवाला दिसतोय ना, तो मुनताहांच्या बोटीवरचा आहे. पर्यटकांचं फोनवर चित्रीकरण करतो तो. इथे जे बोलाल ते दिवस मावळायच्या आत सगळ्या बाजोत फिरेल.

नुरलिना : आई?

सुहेबा : ...चल पोरी. झालं माझं. सांगितलं मी मनातल्या मनात.

नुरलिना : कधी सांगितलंस? ओठसुद्धा हलले नाहीत तुझे.

सुहेबा : मनात सांगायला ओठ कशाला हलवायचे? चल म्हनते ना. तुझा संसार मांडायच्या आदी मोडायला न्हाई आले मी. ती समजून घील. बहीन हाय, तिला काय सांगावं लागतं?

नुरलिना : रडतेस तू.

सुहेबा : धूळ गेली डोळ्यात.

फाबियानुस : ए भाऊ! ए निळी टोपी! खडा खाली टाक. टाक म्हणतो ना! नाही, काठीने ढोसायचंही नाही. झोपलाय तर झोपलेला बघा. तुमच्या मालकाला जाऊन सांग, जा!

नुरलिना : काय म्हणतोय तो?

फाबियानुस : पर्यटकांना जबडा उघडलेला फोटो हवाय म्हणे. बोटीवर आहे तसा. मालकांनी कबूल केलंय.

नुरलिना : हाजींनी? खडे मारून?

फाबियानुस : हे रोजचंच आहे, ताई.

नुरलिना : आई, पान दे इकडे.

सुहेबा : नुर, नको. तो फोन धरून उभा हाय.

नुरलिना : उभा राहू दे. दादा, त्याला म्हणावं, असा जवळ ये. इतक्या लांबून माझा आवाज नीट यायचा नाही.

सुहेबा : पोरी, इचार कर. मी तापट हाय, मी बोलले म्हनून तू...

नुरलिना : माझ्या लग्नाचं आवतण आहे ना? मग मी देते. सुपारी पानावर ठेवतात की शेजारी?

सुहेबा : ...पानावर. चुना बाजूला लाव. उजव्या हातात धर.

नुरलिना : मावशी, मी नुरलिना. सुहेबाची मुलगी. अमावास्येनंतरच्या शुक्रवारी बाजोला माझं लग्न आहे. नवऱ्याचं नाव तस्लीम. त्याच्या बापाचं नाव हाजी मुनताहा. मुनताहा! तुझं चित्र लावून पोट भरतात ना, तेच. आता सोयरे होताहेत आपले. तुला खडे मारतात, त्याची मी माफी मागते, आणि घरी गेल्यावर त्यांनाही मागायला लावीन. लग्नाला ये. तुझ्या वाट्याचं मी झाकून ठेवीन.

(ओरा डोकं उचलते. जीभ आत-बाहेर होते.)

फाबियानुस : हलू नका. कुणीही हलू नका.

सुहेबा : ऐकलं तिनं. आक्का, ऐकलंस ना? माझी पोरगी हाय ही!

नुरलिना : पान कुठे ठेवू?

फाबियानुस : ठेवता येणार नाही, ताई. खायचं काहीही ठेवायला बंदी आहे.

सुहेबा : झालं ह्याचं सुरू!

फाबियानुस : थांबा हो काकू. ओरा पान खातो का?

सुहेबा : न्हाई. त्यो मान असतो.

फाबियानुस : मग ते खाणं नाही झालं. द्या इकडे, मी काठीने सरकवतो. साहेबाने विचारलं तर सांगेन, झाडाचं पान होतं.

सुहेबा : कॉफीवाल्या, तू बी ये लग्नाला.

फाबियानुस : लग्न झालं तर येतो.

नुरलिना : झालं तर आमच्या मुसलमानी पंगतीत तुमच्या डोंगरातल्यासारखं डुक्कर नाही मिळणार. आणि नाही झालं, तर पुढचं स्थळ आलं की पुन्हा आवतण घेऊन इथेच येऊ. काठी तयार ठेवा.

फाबियानुस : ताई, तो निळ्या टोपीवाला पळत टेकाडावर पोचलाय. तिथे व्हिडिओ जाण्याइतकी रेंज येते. गेलं बहुतेक बाजोला.

सुहेबा : नुर, तुझा फोन वाजतोय.

नुरलिना : ऐकतेय.

सुहेबा : तस्लीमचा असंल. जा पोरी, मागं टेकाडावर जाऊन बोल त्याच्याशी. नीट सांग त्याला. जा लौकर.

नुरलिना : वाजू दे. मावशी अजून माझ्याकडेच बघतेय. तिच्याकडे पाठ कशी करू?