नवी बॅटरी आणि चेअरमनची गाडी

गाडीची बॅटरी स्वतः बदलायच्या गोष्टी मला नका सांगू! राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला, "साहेब, तीन वर्षं टिकली, लई झालं. नवी बसवून देऊ?" म्हटलं, "द्या इकडं, मीच बसवतो."

साखर कारखान्याच्या सभेला निघालो. मी पत्रकार, शिवाय कारखान्याचा सभासदही आहे. उसाच्या वजनातल्या काटामारीवरून चेअरमनला धारेवर धरायचं होतं. अर्ध्या वाटेत गाडी बंद! बॅटरीची वायर सैल, पाना घरी. मागून चेअरमनचीच गाडी आली.

"पत्रकार, बसा की!"

सभा चुकेल म्हणून बसलो.

सभेत प्रश्न विचारायला उभा राहिलो, तर मागून कुणीतरी ओरडलं, "त्यांच्याच गाडीतनं उतरलाय की!"

मी उसळलो, तेवढ्यात चेअरमन माईकवर म्हणाले, "बोलू द्या रं त्यांना. आपलाच माणूस हाय!"